अलीकडून आरसा, पलीकडून खिडकी

मित्रांनो, भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर तुम्ही कधी जीभ काढून पाहिली असेल. पलीकडे कुणी बसलं असेल असं तुमच्या मनातही आलं नसेल. मी तसलीच एक जुनी काच आहे. अलीकडून आरसा, पलीकडून खिडकी. अलीकडे बालवाडीचा उजेड, पलीकडे बोळाएवढी अंधारी खोली. त्या खोलीत अंधार आहे तोवरच माझं गुपित टिकतं. तिथे दिवा लागला की मी आरपार दिसणारी साधी काच होते.

भट्टीतून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मग एका कारागिराने माझ्या पाठीवर पातळसा मुलामा चढवला. थोडा उजेड परत फिरावा, थोडा पार जावा, इतका पातळ. तो सोबत्याला म्हणाला, "ही घरात नको रे बाबा. चोरून बघणारी आहे." जन्मताच असा शिक्का बसला, तर मी तरी कुणावर विश्वास ठेवायचा?

मला एका महाविद्यालयाच्या बालवाडीत बसवलं. मुलांची वाढ आणि कुटुंबं यांचा अभ्यास करणारे विद्यार्थी अंधाऱ्या खोलीत बसायचे. मुलं कशी खेळतात, कशी रुसतात, ते लिहायचे. सुरुवातीला पाहुणे मला बघायला यायचे. पुढे कोपऱ्यांतला मुलामा उडाला. अलीकडचं बोलणं पलीकडे ऐकवणारा भोंगा बंद पडला, तो दुरुस्त करायला कुणी फिरकलं नाही.

एका वर्षी शेवटच्या वर्षाला शिकणारी एक मुलगी आली. मऊ तळव्यांचे बूट घालून यायची. पाऊल न वाजवणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय. पदवीसाठी तिला कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काम करून दाखवायचं होतं. मुलं सांभाळणाऱ्या नव्या बायांसाठी ती एक पुस्तिका लिहिणार होती: आईबाबा मुलाला सोडून जातात, ती दहा मिनिटं कशी निभवावीत. रोज सकाळी एक पान. 'उचलून घेतलं', 'थोपटलं', 'बोलल्या' असे रकाने, आणि दर मिनिटाला बरोबरची खूण नाहीतर फुली.

अलीकडे होत्या मावशी. वीस वर्षं मुलं सांभाळणाऱ्या, रोज ओल्या फडक्याने मला पुसणाऱ्या. एक चिमुरडी रोज रडायची. तिला कडेवर घेऊन मावशी खिडकीशी जायच्या, माझ्याकडे पाठ करून, आणि तिच्या कानाशी म्हणायच्या,

गेली गेली माउली, मागे राहिली सावली,
सावलीशी बसू, घटकाभर हसू.

मला ऐकू येत होतं. पलीकडे लिहीत बसलेल्या मुलीला येत नव्हतं. 'बोलल्या' या रकान्यात ती फुली मारायची. बावीस सकाळी, फुल्याच फुल्या. मी सांगणार कशी? माझ्याकडे तोंडं पुष्कळ, पण सगळी दुसऱ्यांची.

तेविसाव्या सकाळी तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी पेन्सिल शोधायला तिने दिवा लावला. मावशी वळल्या, आणि आरशात त्यांना स्वतःऐवजी ती दिसली. चिमुरडीला कडेवर घेऊनच त्या पलीकडच्या दारात उभ्या राहिल्या.

"कधीपासून?"

"बावीस दिवस, मावशी. तुम्ही सही केली होती ना संमतीच्या फॉर्मवर?"

"सही मी साबणाच्या पावतीवरपण करते. पुढ्यात कागद आला की करते. तू मला विचारलंस?"

मावशींनी तिच्या मांडीवरचं पान पाहिलं. "एवढ्या फुल्या? माझी नोकरी घालवायला बसलीस होय गं, फुलीबाई?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी माझ्यावर चादर टांगली.

मुलीच्या मार्गदर्शक बाई पलीकडे येऊन म्हणाल्या, "सही आहे, नियमात बसतं. पंधरा दिवसांत अहवाल दे, नाहीतर वर्ष जाईल." त्या गेल्यावर मुलगी चादरीकडे बघत बसून राहिली. मला वाटलं, ही आहे तसाच अहवाल देणार. असे देणारे मी कितीतरी पाहिले होते.

दुपारी मुलं झोपली होती. चादरीचं एक टोक घसरलं होतं, तेवढ्यातून मला दिसलं. मुलगी फाइल घेऊन उजेडात आली आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली.

"ही तुमची पानं. नको असतील तर फाडा."

"आणि तुझं वर्ष?"

"जाईल."

"घरचे काय म्हणतील?"

"बाबा आठवडाभर बोलणार नाहीत. आई दोघांच्या वाटचं बोलेल."

मावशी हसल्या नाहीत. "नक्कल काढून ठेवली असशील."

"नाही काढली."

मलाही ते खरं वाटलं नव्हतं. मावशींनी चष्मा लावला. बोट एका रकान्यावर थांबलं. "बोलल्या, फुली. बोलल्या, फुली. मी काय मुकी आहे?"

"तुमची पाठ होती. पलीकडे ऐकू येत नाही."

"मग ऐकू येत नाही असं लिहायचं. मी बोलले नाही, हे कुठून आणलंस?"

मग मावशींनी मुलं जागी होणार नाहीत अशा आवाजात ते गाणं म्हटलं. मुलीने पेन्सिल उचलली, मग थांबून विचारलं, "लिहू?"

"लिही. आता विचारलंस ना."

आठवडाभर रोज दुपारी दोघी बसल्या. पानामागून पान दुरुस्त झालं. तीन पानांवर मात्र मावशींनी आडवी रेघ मारली. "या तीन सकाळी मी देणार नाही. का, ते विचारू नकोस." तिने विचारलं नाही. त्या सकाळी काय झालं ते मला ठाऊक आहे, मित्रांनो. मीही सांगणार नाही.

तोंडी परीक्षा बालवाडीतच झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं मोजली. "बावीसपैकी एकोणीसच? बाकीच्या तीन?"

"त्या मावशींच्या आहेत, सर."

"मग काम अपुरं राहतं."

"हो. तसं पहिल्याच पानावर लिहिलंय."

त्यांनी थोडे गुण कापले आणि तिला पास केलं. जाताना पुस्तिकेची एक प्रत मागून घेतली.

चादर निघाली. पण मावशी अजून रोज सकाळी बोटाच्या पेराने मला टकटक करतात. "आहे का कुणी?" पलीकडे कुणी असेल तर त्याने बाहेर येऊन आपलं काम सांगायचं, मगच बसायचं, असा आता रिवाज आहे.

मित्रांनो, मला हळू पुसा, माझा मुलामा थोडाच उरला आहे. आणि कुणाला निरखायचं झालं तर आधी त्याच्यासमोर येऊन विचारा. तो नाही म्हणाला तर उठून जा. माझा संशय अजून सुटलेला नाही. टकटक झाली की मीही कान देऊन असते, पलीकडचं दार उघडतं की नाही ते ऐकायला.