राळेने बुजवलेले छिद्र

मी एक जुना पाण्याचा पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, मित्रांनो, हिरामणच्या टेंपोतला. चार बोल्टांनी मला इंजिनाला जखडलेले आणि पुढून पट्टा आवळलेला. इंजिन सुरू झाले की पट्टा मला फिरवतो आणि माझ्या पोटातली पाती पाणी ढकलतात. ते पाणी इंजिनाची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये जाते, गार होते आणि परत माझ्याकडे येते. सहा वर्षे आगरदांड्याची मासळी मी अशी अलिबागला पोहोचवली. कौतुक मात्र नेहमी इंजिनाचे! मी कुणाला दिसतच नाही, तर माझे नाव कोण घेणार?

माझ्या पोटाखाली एक बारीक छिद्र आहे. आतले सील झिजले की तिथून पाणी टपकते. आम्हा पंपांना बोलायला एवढीच जागा. गेल्या मे महिन्यात मी टपकू लागलो. हिरामणची मुलगी हेमाली हिने जमिनीवरचा ओला डाग पाहिला.

"बाबा, पंप बदला ना."

"होडीला भोक पडला का कोन होडी बदलतं गो?" हिरामण हसला. "बुजवायचा न् लोटायची पान्यात!"

पिढ्यान्‌पिढ्या होड्या बुजवणारे हात ते. त्याने कापूस राळेत भिजवला आणि माझ्या छिद्रात गच्च कोंबला.

डाग गेला, हिरामण खूश झाला. आत मात्र माझा जीव घुसमटला. कोंडलेले पाणी बेअरिंगमध्ये शिरले आणि तिथले ग्रीस धुऊन गेले. मी किरकिरू लागलो, तर या गृहस्थाने गाण्याचा आवाज वाढवला! पळून जावे म्हटले तर चार बोल्ट. मला फार भीती वाटायची.

पुढे हेमालीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. अलिबागला पाचच्या आत कागद द्यायचे होते आणि तो शेवटचा दिवस होता. ती एसटीने जायला निघाली होती, पण हिरामण म्हणाला, "यष्टी कशाला? मी सोडतो की!"

काशीदच्या चढावर माझे बेअरिंग फुटले. पट्टा उडाला, तापमानाचा काटा लाल रेषेपलीकडे गेला, वाफ उसळली. हिरामणने टेंपो लगेच बंद केला म्हणून इंजिन वाचले. हेमाली कागद छातीशी धरून मागून आलेल्या एसटीत चढली.

गॅरेजवाला प्रणय आला. त्याने मला खोलले आणि राळ नखाने खरवडली.

"काका, हे भोक बुजवायचं नसतं. इथून पाणी आलं की समजायचं, पंप बदलायची वेळ झाली."

सव्वापाचला हिरामणचा फोन वाजला.

"बाबा, खिडकी बंद झाली. दहा मिनटं उशीर झाला."

"माझ्यामुलं झाला गो, बाय," तो म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला खाली बसला.

मित्रांनो, पंप टपकला, किरकिरला किंवा काटा चढू लागला, तर वेळ काढू नका. पट्टा बदलताना पंपही हलवून पाहा. माझ्या जागी उद्या नवा पंप बसेल. हेमालीचे गेलेले वर्ष मात्र कुठल्याच दुकानात मिळणार नाही.