तांब्याच्या हंड्यातलं पाणी

"हिच्यामुळे मेले. ह्या राहीमुळे," यमुनाबाई विहिरीच्या काठावरून म्हणाल्या. बागेच्या टोकाला पोफळीच्या आळ्यात खुरपत बसलेल्या महिपत गड्यालाही ऐकू जावं अशा बेतानं म्हणाल्या. "शिवायची नसताना हौदात उतरली असणार. दुसरं काय कारण?"

राही धाकट्या हौदात गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या ओंजळीत बोटाच्या पेराएवढी माशांची तीन मेलेली पिल्लं होती, एक शेंदरी आणि दोन पांढरट. तिनं ती काठावरच्या पानावर नीट ठेवली आणि मान वर केली.

"चार वर्सां झाली आक्का, मना कावळा शिवत नाय," ती म्हणाली. आवाज तिनंही महिपतपर्यंत पोचेल इतकाच लावला. "आता दुसरं कारण बगा."

महिपतनं मान आळ्यात घातली ती काही वर काढली नाही. पडवीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या तात्यासाहेबांनी ते आणखी वर धरलं. यमुनाबाई या तात्यासाहेबांच्या थोरल्या विधवा बहीण. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. त्या तरातरा आत गेल्या.

मासे जपानी होते. तात्यासाहेबांचा मुलगा मुंबईत कापसाच्या पेढीवर होता, तिथल्या जपानी शेटनं ते त्याला भेट दिले आणि त्यानं ते बोटीनं रत्नागिरीला पाठवले. खायचे नाहीत, विकायचे नाहीत, नुसते बघायचे. ज्या घरानं सात पिढ्यांत मासा ताटात घेतला नाही त्या घरात मासे पाळायचे, याचं गावाला फार हसू आलं. पण एकतीस सालच्या फाल्गुनात त्या माशांनी अंडी घातली, सत्तरएक पिल्लं जगली आणि निवृत्त मुन्सफ तात्यासाहेब रोज सकाळी धोतर सावरत हौदाशी येऊन पिल्लं मोजू लागले.

मोजायचं काम त्यांचं, सांभाळायचं राहीचं. राही पायरहाट चालवायची. विहिरीवरच्या फळीवर बसून पायानं चाक रेटायचं, की मडक्यांची माळ पाणी वर आणून पन्हळीत ओतायची. तिथून पाटानं ते बागेला, न्हाणीघराच्या दोणीला आणि हौदाला जायचं. बारा वर्षं ती हेच करत होती. नवरा मुंबईला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला, त्याबद्दल ती बोलत नसे. पिल्लांबद्दल मात्र बोलायची. पहाटे पिल्लं वर येऊन तोंडं उघडमीट करू लागली, की पाण्यात वारा कमी झाला असं ती समजायची आणि पन्हळ उंच करून पाणी वरून पडू द्यायची. पाणी जरा हिरवट असलं तर तिला चालायचं, वास आला तर नाही. दर तीन दिवसांनी ती तळाचं वीतभर पाणी काढायची आणि तेवढंच मुरलेलं पाणी घालायची. हे मुरवणं मुलाच्या पत्रातलं होतं. जपानी शेटनं सांगितलं होतं, पाणी एक रात्र स्वच्छ भांड्यात ठेवून मगच पिल्लांना घाला.

आता स्वच्छ भांडं म्हणजे कुठलं? यमुनाबाईंना यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मातीचं भांडं विटाळतं, तांबं शुद्ध. त्यांनी माळ्यावरचे दोन मोठे तांब्याचे हंडे काढून दिले. महिपत ते रोज चिंच लावून राखेनं घासायचा. हंडे झळाळू लागले आणि पिल्लं मरू लागली. आज तीन, परवा चार.

त्या दिवशी दुपारी राही पडवीच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"तात्यासायब, हंडं मारतंत पिल्लांना."

"काय बोलत्येस?"

"मधी त्ये हंडं जोश्यांकडं लग्नाला नेले व्हते ना? आठ दीस मी माज्या घरच्या मडक्यातला पानी घातला. एक पिल्लू गेला नाय. हंडं परत आले, परत सुरू."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. तीस वर्षं न्यायासनावर बसलेल्या माणसाला पुरावा म्हटलं की बरं वाटतंच. "मग पाहू," ते म्हणाले. "दोन पिल्लं हंड्यात, दोन मडक्यात. रात्रभर मुरलेलं पाणी. उद्या सकाळी सगळ्यांसमोर."

राहीला ते आवडलं नाही. दोन पिल्लं जाणार हे तिला ठाऊक होतं. पण ती नको म्हणाली असती तर तिचंच खोटं ठरलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच ती निवडली, जरा अशक्त दिसणारी, आणि हंड्यात सोडताना तोंड फिरवलं.

दुपारची पानं वाढायच्या आधीच हंड्यातली दोन्ही पिल्लं कुशीवर पडली होती. मडक्यातली दोन तळाशी गोल फिरत होती. यमुनाबाईंनी दोन्हीकडे पाहिलं. मग पानं वाढायला त्या स्वयंपाकघरात गेल्या. तात्यासाहेब राहीजवळ येऊन हळूच म्हणाले, "झालं ते झालं. आजपासून मडकी वापर."

"ता वापरीन. पन आक्कांनी सांगूक होवा. ज्या आवाजात बोलल्या त्याच आवाजात."

"अगो, म्हाताऱ्या माणसाला काय सांगायला लावत्येस?"

"मना सांगितला तेवा त्या म्हाताऱ्या नव्हत्या?"

तात्यासाहेबांनी निकाल पुढे ढकलला. ते वामकुक्षीला गेले.

राहीनं मग कुदळ घेतली. बागेकडचा पाट तिनं मातीनं बुजवला, न्हाणीघराचाही बुजवला. रहाट सुरू झाला आणि सगळं पाणी मोठ्या माशांच्या थोरल्या हौदाकडे वळलं. मासे खुशीत होते. माणसांकडे थेंब जात नव्हता.

एक दिवस घरात भरून ठेवलेल्या पाण्यावर गेला. चैत्राच्या उन्हात पोफळीची पानं मलूल झाली. तात्यासाहेबांनी महिपतला रहाटावर बसायला सांगितलं, तर महिपतचा गुडघा अचानक धरला. दुसरी बाई बघू, असंही ते पडवीतून दोनदा बोलले. राही पाय चालवत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाई पोहरा घेऊन विहिरीवर आल्या. बोलून दाखवण्यापेक्षा शेंदणं त्यांना सोपं वाटलं असावं. विहीर खोल. चौथ्या पोहऱ्याला सुंभाच्या दोरानं त्यांचे तळवे सोलवटले. राही फळीवर बसून बघत होती. पुढे होऊन दोर धरायची सोयही नव्हती, पायानं रेटलेल्या रहाटाचं पाणी चालायचं, पण तिच्या जातीचा हात दोराला लागला असता तर त्यांनी ते पाणी ओतून दिलं असतं. तिला म्हातारीची दया आली, आणि दया आली याचा रागही आला. ती हलली नाही.

सहावा पोहरा अर्ध्यावर आला आणि यमुनाबाईंनी दोर तसाच धरून ठेवला.

"तांब्यानंच मेले गो ते," त्या विहिरीत बघत म्हणाल्या.

"आक्का, तुमी माजा नाव घेऊन बोलला व्हतात. आतापन नाव घेऊन बोला."

पोहरा गळत होता, त्याचे थेंब खाली पडताना ऐकू येत होते.

"महिपता," यमुनाबाईंनी हाक मारली. आवाज चिरका निघाला, पण मोठा होता. "राहीमुळे मेले नाहीत मासे. मी चुकल्ये. ऐकलंस का रे?"

"ऐकलं, आक्का," महिपत आळ्यातून म्हणाला.

राही फळीवरून उतरली. सत्तरातली एकतीस पिल्लं उरली होती. तिनं आधी त्यांच्या हौदात हात घालून पाणी पाहिलं, बोटांचा वास घेतला. मग बागेच्या आणि न्हाणीघराच्या पाटांशी गेली, पायाच्या टाचेनं मातीचे बांध फोडले आणि पुन्हा रहाटावर जाऊन बसली.