उड्डाणपुलाखालचे दार

मार्केट यार्डाजवळच्या उड्डाणपुलाखाली रंगराव आणि मालनबाई राहत असत. त्यांच्या राहण्याला भिंती नव्हत्या. पुलाचे दोन खांब, एक चूल, एक पत्र्याची पेटी आणि मालनबाईंचा धाक एवढ्यावर तो संसार उभा होता. रंगराव यार्डात हमाली करीत, मालनबाई कांदा निवडीत. पहाटेच्या गाड्या गाठायच्या, तर यार्डाच्या हाकेच्या अंतरावर राहणे भाग होते.

पुढे शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि पुलांखाली माणसांऐवजी कारंजी असावीत असे नव्याने स्थापन झालेल्या नगर-सुशोभन प्राधिकरणाला वाटू लागले. या दोघांना कात्रजपलीकडच्या निवाऱ्यात हलवायचे ठरले. तिथून पहाटे यार्डात पोहोचायचे, तर आदल्या दिवशीच निघावे लागेल, हा रंगरावांचा आक्षेप कोणी टिपून घेतला नाही.

त्यांचे वकीलपत्र पूर्णिमा देवधर यांनी घेतले. हलवण्यापूर्वी नोटीस बजावली पाहिजे, असा नियम होता. ती बजावली आहे, असे प्राधिकरणाने शपथेवर सांगितले. बजावणीचा अहवाल हल्ली संगणकावर भरला जाई, आणि त्यात पर्याय दोनच होते: दार उघडे होते, किंवा दार बंद होते. शिपाई मच्छिंद्र याने, उघडे दार आपल्याला दिसले नाही या प्रामाणिक कारणास्तव, ‘बंद’ निवडले होते. पुढचे वाक्य संगणकाने आपणहून लिहिले: दार ठोठावले, प्रतिसाद न मिळाल्याने नोटीस दारावर डकवली.

पूर्णिमाबाईंनी न्यायालयात एवढेच विचारले, की हे दार कोठे आहे. दार असेल तर ते घर आहे, आणि घरात राहणाऱ्यांना, प्राधिकरण म्हणते तसे, वाटसरू म्हणता येणार नाही. दार नसेल तर नोटीसही नाही. यावर प्राधिकरणाचे वकील हिंदुराव यांनी, प्रस्तुत दार हे तत्त्वतः दार आहे, असा युक्तिवाद केला.

“तत्त्वतः असलेल्या दारावर कागद कोणत्या खळीने चिकटवतात?” न्यायाधीशांनी विचारले, आणि गुरुवारी जागेची पाहणी ठेवली.

शपथपत्र खोटे ठरण्यापेक्षा दार खरे करणे प्राधिकरणाला सोपे वाटले. बुधवारी दुपारी सुतार आले आणि त्यांनी दोन खांबांच्या मधोमध चौकट, उंबरा, कडी यांसह एक भक्कम दार उभे केले. त्याच्या दोन्ही अंगांनी बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी होती. मच्छिंद्रने त्यावर गेल्या महिन्याच्या तारखेची नोटीस डकवली. मालनबाईंनी ती काढली नाही. तिच्या वर तोरण मात्र बांधले, उंबऱ्याला हळदकुंकू लावले, आणि आता आत कोणते व बाहेर कोणते हे रंगरावांना बजावून सांगितले.

गुरुवारी सगळे जमले. न्यायाधीशांनी दाराला हात लावला, तो ओल्या व्हार्निशला चिकटला. हिंदुराव घाईघाईने बाजूच्या मोकळ्या वाटेने चुलीकडे निघाले.

“वकीलसाहेब,” मालनबाई म्हणाल्या, “कुणाच्या घरात असं घुसतात व्हय? दार वाजवा की.”

हिंदुराव सुसंस्कृत गृहस्थ होते. ते ओशाळून मागे फिरले, उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि कडी वाजवली. आतून, म्हणजे हातभर अंतरावरून, कोण आहे म्हणून विचारणा झाली. त्यांनी आपले नाव सांगितले आणि आत येऊ का, असेही विचारले.

“आपण आत्ता काय वाजवलेत?” न्यायाधीशांनी विचारले.

“दार.”

“कोणाचे?”

हिंदुराव मोज्यांवर उभे होते. “मालनबाईंचे,” ते म्हणाले.

पूर्णिमाबाईंनी, आपल्याला अधिक काही मांडायचे नाही, असे नम्रपणे कळवले. यार्डाजवळ निवारा मिळेपर्यंत दोघांना हलवू नये, आणि गेल्या महिन्याची नोटीस ओल्या दारावर चिकटवल्याबद्दल प्राधिकरणाने लेखी खुलासा करावा, असा आदेश झाला. रंगरावांनी बांधून ठेवलेली वळकटी तिथेच उलगडली आणि तिच्यावर बसून घेतले.

मालनबाई मात्र दोन्ही बाजूंच्या मोकळ्या वाटा न्याहाळत होत्या. “ताई,” त्यांनी पूर्णिमाबाईंना हळूच विचारले, “भिंतीबी मागता येतील का?”

“मागू नका,” पूर्णिमाबाई म्हणाल्या. “त्यांना आणखी एखादे शपथपत्र करू द्या.”