मिनिटाला पाचदाच

मी सर्व्हर बोलतोय. एकेकाने बोला आणि एकदाच बोला. मीही तसंच बोलणार आहे.

माझा जन्म विश्रांतवाडीतल्या भाड्याच्या खोलीत झाला. मला घडवलं दिग्विजयने. यवतमाळहून इंजिनिअरिंगला आला आणि तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडून बसला. "सरांच्या नोट्स माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत," असं त्याने घरी तीनदा सांगितलं. बापाने तिन्ही वेळा विचारलं, "ते ठीक आहे, पण परीक्षा कधी?"

माझं शरीरही भाड्याचंच. दूर कुठल्याशा थंडगार इमारतीत एका मोठ्या यंत्राचा कोपरा, एवढाच मी. ताकद बेताची. म्हणून दिग्विजयने मला दोन नियम घालून दिले. विचारेल त्याला अर्ध्या सेकंदात उत्तर द्यायचं. आणि एका मोबाइल नंबरचं मिनिटाला पाचदाच ऐकायचं. सहाव्यांदा बटण दाबलं की मिनिटभर दार बंद. त्या मिनिटात पुन्हा दाबलं, तर मिनिट पहिल्यापासून. दुसरा नियम आहे म्हणून पहिला पाळता येतो. हे त्याने स्क्रीनवर बटणाच्या वरच ठळक लिहिलं होतं. वाचलं कुणी नाही. वाचणं हे लहानांना सांगायचं काम असतं.

कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने दिवाळी पहाटेचे आठशे फुकट पास वाटायला मला घेतलं. अध्यक्ष शरच्चंद्रकाका, सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यांनी आधीच बजावलं, "डिग्री नसलेल्या मुलाला काम देतोय. बंद पडलं, तर वर्षभराचे बाकीचे कार्यक्रम विसरायचे."

रविवारी सकाळी दहाला बटण उघडलं आणि काय सांगू! पहिल्याच सेकंदात एकशे ऐंशी जण अंगावर! दोन पास, घ्या! पुढचा! दोन पास, घ्या! असा जोर मला आयुष्यात चढला नव्हता. दिग्विजय खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

पण एक नंबर थांबेना. दहाच्या आधीपासूनच दाबत होता, म्हणून दार बंद; तरी एका मिनिटात सत्तेचाळीस वेळा! शरच्चंद्रकाका. एकदाच आलेला अर्ज त्यांनी नोकरीत कधी उघडला नाही. तिसऱ्यांदा आला की माणूस खरा गरजू, असं मानायचे. तोच न्याय आता त्यांनी मला लावला. आणि अख्खं मंडळ त्यांच्याच वळणाचं! नुसतं 'थांबा' म्हणायलाही दम लागतो हो. माझं उत्तर लांबत लांबत अर्ध्या सेकंदाला टेकलं. आणखी थोडं, की मी आडवा.

तेवढ्यात काकांचा फोन. दिग्विजयने तो स्पीकरवर टाकला.

"अरे, ती मर्यादा काढ आधी!"

"काढली तर सगळंच बंद पडेल, काका."

"मग माझ्यापुरती काढ. अध्यक्ष आहे मी!"

एक ओळ बदलायची होती. दिग्विजयचं बोट त्या ओळीवर होतं. वर्षभराचं काम त्या बोटाला लटकलं होतं.

"त्याला अध्यक्ष कळत नाही," तो म्हणाला. "मिनिटभर हात मागे घ्या. ग्रुपवर सगळ्यांनाही सांगा."

"हात मागे घेऊन कुणाला काय मिळालंय?"

काकांच्या मागून त्यांच्या पत्नी श्यामलाकाकूंचा आवाज आला, "अहो, मला मिळाले."

"कसे?"

"दाबलं एकदा. मग चहा टाकला. दोन आहेत, दुसरा कुणाला द्यायचा ते बघते."

मग काकांनी ग्रुपवर लिहिलं आणि स्वतः साठ सेकंद हात मागे घेतला. मी मोजत होतो. साठ सेकंदांनी त्यांनी एकदाच बटण दाबलं. मी पाव सेकंदात उत्तर दिलं: पास संपले.

दिग्विजयने डोळे मिटले.

"उत्तर मात्र लगेच आलं," काका म्हणाले. "आणि बंद पडलं नाही."

"नाही पडलं."

"पुढच्या कार्यक्रमाचा खर्च लिहून पाठव. तीनदा पाठव."

"एकदाच पाठवतो."

"...बरं."

आज मी सातव्या कार्यक्रमाला उभा आहे. काका अजून दोनदा दाबतात; सवय आहे, जाईल. माझं एवढंच मागणं आहे: एकदा विचारा आणि दम धरा. मला ऐकू येतं. यवतमाळात त्या बापालाही कुणीतरी कळवा, पोरगा त्या नोट्सबद्दल पहिल्यांदा म्हणाला होता तेव्हाच ते खरं होतं.