एडक्याचं वजन

शिवपुत्र पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झाला आणि चुकून बँकेत लागला. बँकेची परीक्षा त्यानं मित्रांना सोबत म्हणून दिली होती. मित्र नापास झाले, हा पास. त्याला खरं तर कोल्हापूरला एम.एस्सी.ला जायचं होतं. पण नेमणूक झाल्याचं कळताच गावाकडं मैंदर्गीत त्याच्या आईनं, सुंदरम्मानं, गल्लीभर पेढे वाटून टाकले. वाटलेले पेढे परत कसे मागणार? चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो सोलापूरच्या शाखेत शेती-कर्जाच्या टेबलाशी जाऊन बसला. मनात मात्र, पुढच्या वर्षी कोल्हापूर.

बँकेत त्याच्या पदवीला मान होता. पंखा कुरकुरला, घंटी बंद पडली, की मॅनेजर हिंदुराव साहेब हाक मारायचे, "शिवपुत्र, तुमचा विषय!"

एकदा धुळा नावाचा मेंढपाळ आला. त्याला एडका घ्यायला कर्ज हवं होतं. किंमत ऐकून हिंदुराव साहेब खुर्चीत ताठ झाले.

"एडका आहे का हत्ती?"

"लई दांडगा हाय सायब. बघा तरी येऊन."

"बँक दांडगा-बिंडगा जाणत नाही. वजन सांगा."

वजन धुळाला ठाऊक नव्हतं. साहेब शिवपुत्रकडं वळले. "जा, बघून या. तुमचाच विषय."

वस्तीवर एडका लिंबाखाली बांधला होता. बाकदार नाकाचा, खरोखरच दांडगा आणि तिरसट. लोकर तोलायचा काटा त्याला पुरणार नव्हता. शिवपुत्र विचार करत उभा राहिला आणि त्याला एकदम कॉलेजची प्रयोगशाळा आठवली.

"लांब वासा आहे का?"

वासा मधोमध दोर बांधून फांदीला टांगला. एका टोकाला घोंगड्याच्या झोळीत एडका, दुसऱ्या टोकाला शिवपुत्र स्वतः. स्वतःचं वजन त्याला रेल्वे स्टेशनवरच्या मशीनच्या तिकिटामुळं माहीत होतं. त्याच्या बरोबर खाली मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, काठोकाठ भरलेली.

धुळाची बायको चिमाबाई बघतच राहिली. "अवो, ह्यो बँकेचाच सायब हाय न्हवं?"

"व्हय की," धुळा म्हणाला. "कर्ज काय उगं मिळतंय व्हय?"

एडका जड भरला, शिवपुत्र वर गेला. "झोळी आत सरकवा! आणखी!" वासा हळूहळू आडवा झाला. शिवपुत्र पाय हलवत अधांतरी बसला होता. एवढा आनंद त्याला पहिल्या वर्गानंही दिला नव्हता. "आता अंतर मोजा, अंतर!"

अंतर मोजून होतंय तोच मेंढरं चरून परत आली. त्यांना बघून एडक्यानं झोळीत लाथा झाडल्या आणि उडी टाकली. शिवपुत्र थेट डोणीत. कसाबसा उठून उभा राहतो तर एडका त्याच्याकडंच बघत होता. मग एडका धावत आला, आणि साहेब परत पाण्यात.

धुळाचं धोतर नेसून त्यानं अहवाल लिहिला. 'वजन : एकसष्ट किलो. पद्धत : तरफ. अचूकतेस बाधा आणणारा घटक : एडका. प्रकृती : उत्तम, प्रत्यक्ष अनुभव घेतला.'

हिंदुराव साहेबांनी तो आधी मनात वाचला, मग सगळ्या स्टाफला बोलावून मोठ्यानं वाचला, आणि डोळे पुसत कर्ज मंजूर केलं.

कोल्हापूरचे प्रवेश आले नि गेले. शिवपुत्र कुठल्या ना कुठल्या वस्तीवर मेंढीच्या दुधाचा चहा पीत बसलेला असायचा. दिवाळीत त्याला ते आठवलं, आणि आपल्याला वाईट वाटत नाही याचंच नवल वाटलं.

तोवर बँकेची ही वजन करायची रीत तालुकाभर झाली होती. सारजाबाईंना म्हैस घ्यायची होती. शिवपुत्र त्यांच्या दारात पोचला तर झाडाला वासा टांगलेला, खाली डोण भरलेली आणि भोवती अख्खी वस्ती जमलेली.

"मावशी, म्हशीला टांगायचं नसतं," तो समजुतीनं म्हणाला.

सारजाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी जमलेल्या लोकांकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"बरं, म्हशीचं ऱ्हाऊ द्या. तुमी तेवढं डोणीत बसा की. लोकं लई लांबनं आल्याती."