पेन्सिलीवरचे चार वेढे

ताईसाठी मी दूध आणायला गेले, याचाच मला जास्त राग आहे. घरात बसून राहिले असते तर पांघरूण वाचलं असतं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. विणकामात तिचा हात धरणारं कोणी नाही, हे ती स्वतःच सांगते. लॉन्ड्रीत इस्त्री करून करून माझ्या बोटांची पेरं सुजलीत. सुया धरल्या की मनगटापर्यंत कळ जाते. म्हणून तिच्या लेकीला दिवस गेले तेव्हा मी विणायचं नावच काढलं नाही. भाचीच एक दिवस जाड, मऊ लोकर घेऊन आली.

"मावशी, आईने कपाट भरून स्वेटर विणलेत, पण मला एका टाक्याला हात लावू देत नाही. मला तुझ्या हातचं पांघरूण हवंय."

"अगं, सुया झेपत नाहीत मला."

"सुया कशाला? बोटं आहेत ना."

तिने डाव्या हातावर करून दाखवलं. लोकर एका बोटाच्या पुढून, पुढच्याच्या मागून, अशी करंगळीपर्यंत न्यायची आणि उलटी परत आणायची. पुन्हा तसंच. प्रत्येक बोटावर दोन वेढे झाले की खालचा वेढा वरच्यावरून उचलून बोटामागे टाकायचा. हाताच्या मागे दोरी लोंबू लागते. ती लांबच लांब झाली की नागमोडी अंथरून बाजूबाजूने शिवायची. पहिली वीतभर तिनेच विणली, त्यात तिचा एक टाका सुटला, आणि हसत हसत वेढे माझ्या बोटांवर चढवले. पुढचं सगळं मी विणलं, कामावरून आल्यावर, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून.

आज संध्याकाळी भाची ते शिवायला येणार होती. त्याआधी ताई टपकली. मी बोटांवरचे चार वेढे पेन्सिलीवर उतरवले, मध्येच उठायचं तर तसंच करतात, आणि कोपऱ्यावर दूध आणायला गेले. दुकानात ही गर्दी. परत आले तर टेबलावर नुसती पेन्सिल, आणि ताईच्या मांडीवर लोकरीचे गुंडे. गोल, घट्ट, अगदी व्यवस्थित.

"सुरुवातीलाच टाका सुटला होता," ती म्हणाली. "तिथवर जायचं तर सगळं उसवावं लागतं. आता नीट कर. बाळाचं आहे ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुधाची पिशवी मी ओट्यावर ठेवली. चहा टाकला नाही.

"मला विचारलंस?"

"चूक दिसल्यावर काय डोळे मिटून बसू?"

"हो. बसायचं."

"तू ना, पहिल्यापासून अशीच. भल्याचं सांगायला जावं तर अंगावर येतेस."

"शाळेत माझी पिशवी उसवलीस. नव्या घरात माझे पडदे. मी केलेलं काही कधी तुझ्या तावडीतून सुटलंय? आणि ऐक, तो टाका माझा नव्हताच. ती वीतभर तुझ्या लेकीने विणली होती, आपल्या बाळासाठी. तीही उसवलीस तू."

ताईचा हात गुंड्यावर थांबला. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मला ती कधी काही विणून दाखवत नाही."

"कशी दाखवेल?"

मला ताईची दया यायला हवी होती, पण आली नाही.

"डावा हात पुढे कर," मी म्हटलं. लोकर तिच्या बोटांवर गुंडाळली, जरा जोरातच. कसं करायचं ते एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा नाही. सुयांशिवाय ती पार बावरली. थोडं पुढे गेली आणि अनामिकेवरचा वेढा निसटला. लगेच तिचा उजवा हात दोरा ओढायला धावला. मी मनगट पकडलं.

"राहू दे."

"अगं, भोक पडलंय."

"पडू दे. पुढे विण."

तिने विणलं. ओठ आवळून, भोकाकडे पुन्हा पुन्हा बघत. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"आली ती," ताई कुजबुजली. "पेन्सिल दे गं, हे उतरवून ठेवते. तिला भोक दिसेल."

पेन्सिल माझ्या हाताशीच होती. ती मी केसांत खोचली आणि दार उघडायला गेले.