व्हाइटनरखालची दोन अक्षरं

शिक्षण कार्यालयात माझं काम एकच, पण डोकं खाणारं: एक्केचाळीस शाळांची पदांची वही. प्रत्येक पदापुढे एक शब्द लिहायचा. माणूस असेल तर 'भरलेले'. मुलं कमी झाली आणि माणूस जास्त झाला तर 'अतिरिक्त', म्हणजे त्याची रवानगी लांबच्या शाळेत. निवृत्त झालेल्याच्या जागी कोणी दिलं नाही तर 'रिक्त'. आणि हल्ली देतंय कोण? सत्तावीस वर्षं मी 'रिक्त' लिहितेय. आमचा शिपाईसुद्धा म्हणतो, "बाई, काय वळणदार अक्षर आहे हो!"

यंदा माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेत अकरा मुलं कमी भरली. नियमाने एक पद जास्त झालं, आणि तिथे सगळ्यांत नवीन तीच. मी माझ्या हाताने तिच्यापुढे 'अतिरिक्त' लिहिलं आणि जीव नुसता कासावीस झाला. आईचे गुडघे गेलेत. तिला उठवणं-बसवणं सगळं धाकटीच करते. मला जमत नाही, दोन मिनिटांत माझा पारा चढतो. ती गेली तर आईचं कसं होणार?

मग मला अक्कल सुचली. मी 'अति'वर व्हाइटनर फिरवला. उरलं 'रिक्त'. रिक्त पदांकडे साहेब ढुंकूनही बघत नाहीत. माणूसच नाही तर पाठवणार कोणाला? धाकटी गुपचूप शिकवत राहील, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. स्वतःवर जाम खूश होते मी.

सोमवारी तिचा फोन आला. "ताई, आज वर्गात गेले तर मुलं उभीच राहिली नाहीत."

"शेफारलीत. चांगला दम दे."

"दिला गं. कोणी वर बघितलंसुद्धा नाही."

मंगळवारी हजेरीच्या वहीत तिची सही उमटेना. "पेन बदल," म्हटलं मी, आणि फोन ठेवून दिला. बुधवारी फोन आलाच नाही. संध्याकाळी घरी पोचले तर आई एकटीच.

"धाकटी कुठंय?"

"कोण धाकटी?" आई म्हणाली. "एकुलती एक तू, आणि तूही उशिरा येतेस. उठव मला आधी."

रात्रभर धाकटीचा फोन लावत राहिले. लागला नाही.

गुरुवारी भर दुपारी तिच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्या वर्गाला शिक्षक नाही हो. पद रिक्त आहे, तुम्हीच लिहिलंत की! मुलं मात्र गुणी, आपापली बसतात."

मी वर्गाच्या दारातून बघितलं. सगळी मुलं माना खाली घालून लिहीत होती. फळ्यावर भागाकार होता, धाकटीच्या तिरक्या अक्षरात. मी बघत असतानाच त्याची पुढची ओळ उमटली. फळ्याजवळ कोणी नव्हतं.

"चिमे!" मी घरातली हाक मारली.

खडूचा आवाज थांबला. सगळी मुलं एकदम माझ्याकडे बघायला लागली.

कार्यालयात कशी पोचले, मला आठवत नाही. वही उघडली आणि नखाने व्हाइटनर खरवडायला लागले. कागद थोडा फाटला, पण 'अति' वर आलं. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई? कधीपासून हाका मारतेय तुला!"

मी साहेबांच्या देखत ढसाढसा रडले.

आठवड्याभरात तिचा बदलीचा हुकूम निघाला, दहा तासांच्या प्रवासावरची शाळा. निघायच्या आदल्या दिवशी तिने आईला कसं उठवायचं ते मला दोनदा दाखवलं. मग बॅग भरायला बसली.

"रागावलीस?" मी विचारलं.

"नाही गं. त्या चार दिवसांत मी तिथे एकटी नव्हतेच. शिक्षकांची खोली गच्च भरली होती, बसायला खुर्ची मिळेना. काही जणी वीस-वीस वर्षांपासून आहेत."

"चिमे, त्या निवृत्त झाल्यात."

"घरी कुठे पोचल्यात त्या?" तिने बॅगेची चेन ओढली. "मी निघाले तेव्हा सगळ्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, तुझ्या ताईचं अक्षर फार वळणदार आहे."

ती गेली त्या दिवशी मी वही काढली. एकशे बारा पदं रिक्त. एकेक शब्द नखाने खरवडून बघितला. खाली नुसता कागद होता.